भ्रमर-कीटक न्याय आणि रेशमाची माशी

मातीच्या घरांत कोंडलेल्या किड्यानें कुंभारणीचा सारखा ध्यास घेतला व अखेर तो स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडला, हा दृष्टांत कीर्तन-प्रवचनांतून आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकला असेल. भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें तो येतो. आणि त्याच स्कंधावरील एकनाथमहाराजांची टीका शके १४९५ त, म्हणजे इ. स. १५७३ त, काशीस पूर्ण झाली, तेव्हां ही कथा मराठी ओंवींतही उतरली. नाथ पैठणचे. त्याच संभाजीनगर जिल्ह्यांत, अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, फुलंब्री हें गांव आहे. त्या बाजूच्या तुतीच्या मळ्यांशीं या जुन्या दृष्टांताचा काय संबंध, असें वाचकांस वाटेल. तो दाखविणें हाच या लेखाचा हेतु आहे.

दृष्टांतांतील निरीक्षण खोटें नव्हतें. कुंभारीण मातीचें घर बांधते, त्यांत जिवंत अळी आणून ठेवते, तोंड लिंपून टाकते आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून कुंभारीणच निघते, हें वळचणीखालीं कोणासही पाहतां येतें. चुकलें तें मधल्या अवस्थेचें अनुमान. कुंभारीण नांगीनें अळीला मारीत नाहीं, लुळी करते; आपलें अंडें त्याच घरांत घालते; आणि अंड्यांतून निघालेलें पिलूं ती ताजी राहिलेली अळी खाऊन वाढतें. अळीची कुंभारीण होत नाहीं. कुंभारणीच्या लेकराचें ती अन्न होते. ध्यानानें ध्याता ध्येयरूप होतो, या तत्त्वास या शोधानें बाधा येत नाहीं. मात्र सृष्टिशास्त्र म्हणून तो दृष्टांत घेतां येणार नाहीं.

अशी फसगत केवळ आमच्याच लोकांची झाली असें नव्हे. हॉलंडांतील मिडलबर्गचा चित्रकार योहानेस गोदार्त यानें सतराव्या शतकांत अनेक सुरवंट घरीं पाळून त्यांचीं चित्रें काढलीं. एकाच जातीच्या सुरवंटांपैकीं कांहींतून फुलपांखरूं तर कांहींतून माशा निघालेल्या पाहून, दोन्ही त्या सुरवंटाचींच रूपांतरें, असें त्यास वाटलें. इटलींतील फ्रान्चेस्को रेदी यानें इ. स. १६६८ त मांसाचीं भांडीं कांहीं उघडीं व कांहीं झांकून ठेवून सिद्ध केलें कीं, माशीला अंडीं घालतां आलीं तरच मांसांत अळ्या पडतात. तरी झाडांच्या गांठींतले किडे झाडाच्याच जीवनशक्तीनें उपजतात, असें तोही मानीत राहिला. पुढें सतरावें शतक सरतां सरतां लिस्टर, वालिस्नेरी व लेव्हेन्हुक यांच्या निरीक्षणांनीं उलगडा झाला : सुरवंटांतून निघालेली माशी सुरवंटाची नसून, बाहेरून आलेल्या दुसऱ्या माशीची संतति होय. यजमानाच्या देहावर वाढून शेवटीं त्याचा प्राण घेणाऱ्या या कीटकांस साध्या परजीवी प्राण्यांहून निराळें नांव फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ रॉयटर यांनीं इ. स. १९१३ त दिलें.

हें ज्ञान केवळ कुतूहलाचें नव्हे, हें रेशमाच्या धंद्यानें दाखविलें. रेशमाच्या किड्यावर जगणारी माशी जपानांत फार उपद्रव करी. ‘उजी’ म्हणजे जपानींत अळी. तिच्यावरून आपल्याकडे ‘उझी माशी’ हें नांव आलें. इ. स. १८८६ च्या सुमारास सासाकी या जपानी शास्त्रज्ञानें तेथील माशीचें जीवनवृत्त प्रसिद्ध केलें. ती माशी किड्याला शिवतही नाहीं. तुतीच्या पानांवर बारीक अंडीं घालते, तीं पानाबरोबर किड्याच्या पोटांत जातात.

हिंदुस्थानांतील माशी त्याच कुळांतली, पण जात निराळी व रीतही निराळी. ती घरमाशीहून थोडी मोठी, करड्या रंगाची असून तिच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. ती किड्याच्या अंगावरच अंडें चिकटविते. दोन-तीन दिवसांनीं अळी कातडी भेदून आंत शिरते व त्याच छिद्रांतून श्वास घेते. तेथें काळा डाग पडतो. आठवडाभर आंतून पोसून ती बाहेर येते आणि जमिनीच्या भेगांत कोषावस्था घेते. किडा लहान असतां माशी बसली तर तो कोष विणण्यापूर्वींच मरतो. उशिरां बसली तर कोष होतो, पण अळी तो फोडून निघते. हजार मीटरांपर्यंत अखंड असणारा तंतु त्यामुळें तुटतो व कोष उकलण्याच्या कामाचा राहत नाहीं. बंगालला ही पीडा जुनी. दक्षिणेकडे मात्र ती नव्हती. इ. स. १९८० त बियाण्याच्या कोषांबरोबर ती बंगालमधून कर्नाटकांत शिरली आणि पुढें पसरत गेली.

आज मराठवाड्यांत कापूस-मक्याच्या जोडीला तुती आली आहे, आणि जालन्यास कोषांची बाजारपेठ आहे. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या मुलखांत सुमारें चार आठवड्यांत पैसा देणारें पीक म्हणजे घराला मोठा आधार. फुलंब्रीकडच्या शेतकऱ्यानें किड्यांवर औषध फवारावें म्हटलें, तर किडा माशीआधीं मरेल. म्हणून उपाय माशीच्या चरित्रांतूनच काढावे लागले. अंडें किड्याच्या अंगावर पडतें, म्हणून दारें-खिडक्यांस बारीक जाळी. अळी भेगांत लपते, म्हणून जमिनीच्या भेगा बुजविणें. तिसरा उपाय कुंभारणीची आठवण करून देणारा आहे : नेसोलिंक्स थायमस नांवाची सूक्ष्म गांधीलमाशी उझीच्या कोषावस्थेंत आपलीं अंडीं घालते आणि मारणाऱ्यालाच मारते. ती मुद्दाम वाढवून संगोपनगृहांत सोडतात.

याच कुळांतल्या दुसऱ्या माशा हरभऱ्यावरील घाटेअळीचा नाश करून शेतकऱ्यास साह्य करतात, हेंही विसरतां कामा नये. तेव्हां माशी वाईट कीं चांगली, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणती माशी, कोणाच्या अंगावर आणि कोणत्या दिवशीं बसली, हें पाहावें लागतें. पूर्वजांनीं घर लिंपलेलें पाहिलें व फुटलेलें पाहिलें. मधले दिवस पाहण्याची चिकाटी पुढच्यांनीं दाखविली, आणि त्या दिवसांच्या हिशेबावर आज कित्येक कुटुंबांचें पीक सुरक्षित राहतें.