घरात एकच रेडिओ होता तेव्हा

आमचं बऱ्हाणपूर २००३ पर्यंत खंडवा जिल्ह्यातच होतं, म्हणून खंडव्याचा किशोरकुमार आम्हाला घरचाच. आधी तो सैगलसारखा गायचा, मग त्याला स्वतःचा सूर सापडला. आवड अशीच बदलत जाते.

१९५२च्या सुमारास आकाशवाणीनं सिनेमाची गाणी दूर सारली, तर लोकांनी रेडिओ सिलोन लावला. १९५७मध्ये विविध भारती आली. पोळ्या लाटता लाटता सासू-सुना एकच गाणं ऐकायच्या.

१९८७मध्ये किशोर मुंबईत गेला, अग्नी मात्र खंडव्यात दिला. त्याची गाणी आजही मोबाईलवर आहेत. पण आता प्रत्येकीच्या कानात वेगळं गाणं. सुनेला काय आवडतं ते सासूला ठाऊक नाही. बायांनो, नवं गाणं जरूर ऐका, पण कधीतरी सगळ्यांना ऐकू येईल असं लावा.