साठ सेकंद

ऑगस्ट २००३. यवतमाळच्या घरी डायलअप जोडलं, की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट! 'ब्लास्टर' वर्म होता तो. बाबांनी टाइप केलेली आजोबांच्या आठवणींची दोन पानं सेव्ह करायच्या आतच गेली.

अँटीव्हायरस विकत घेतलाय, म्हणून मी निर्धास्त होतो. विंडोजमधलं ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता. फोनचं बिल वाढेल म्हणून अपडेट मीच टाळलं. दाराला कुलूप भारीतलं, पण भिंतीला भगदाड!

२०१७ मध्ये 'वॉनाक्राय'च्या वेळी जगभर तेच घडलं. पॅच १४ मार्चला आला, हल्ला १२ मेला.

असो. बाबांनी ती पानं पुन्हा लिहिली नाहीत. आता अपडेट मी टाळत नाही.