तारलीच्या तेलाची उलटी वाट

कोकण-गोव्यापासून मलबारपर्यंत तारलीने गरिबाचे ताट सांभाळले. तिच्या तेलाला मात्र स्वयंपाकघरात जागा मिळाली नाही. मलबार किनाऱ्यावर मासळी कढईत उकळून, दाबून तेल काढत. ते दिव्यात जळे, होड्यांच्या फळ्यांना लागे, कातडे कमावायला जाई. उरलेला चोथा मळ्यांत खत म्हणून पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्यात सर फ्रेडरिक निकल्सन यांनी या धंद्याची पद्धत सुधारण्याचे प्रयत्न केले, तेही मुख्यतः तेल आणि खत यांसाठीच.

या उपेक्षेचे एक मोठे कारण मला तेलाच्या घडणीत दिसते. तुपातल्या मेदाम्लांच्या साखळ्यांत दुहेरी बंध थोडे असतात. तारलीच्या तेलातील काही साखळ्यांत ते पाच-सहा असतात. १९०६ मध्ये जपानच्या मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी सार्डिनच्या तेलातल्या अशाच एका आम्लाला 'क्लुपानोडोनिक' हे नाव दिले. हे बंध हवेतला प्राणवायू चटकन धरतात. म्हणून तेल खवटते, आणि म्हणूनच फळीवर ते दाट होऊन पाणी अडवते. एकच गुण ताटात दोष ठरला, होडीवर उपयोग.

१९०२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी निकेलच्या साहाय्याने द्रव तेलात हायड्रोजन भरण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्यानंतर युरोपात मासळीचे व देवमाशाचे तेल मार्गारीनमध्ये शिरले. वास गेला, तेल गोठले. पण त्यासाठी ते दुहेरी बंधच मोडावे लागले. अर्धवट हायड्रोजन भरल्याने ट्रान्स मेदही तयार झाले.

१९७० च्या दशकात बांग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइटांच्या रक्तातील मेदांचा अभ्यास केला, आणि जगाचे लक्ष त्याच बंधांकडे वळले. आता ईपीए आणि डीएचए टिकवण्यासाठी तेल हवेपासून जपून कॅप्सूलमध्ये भरतात. पुढच्या मोठ्या चाचण्यांत कॅप्सूलचा लाभ सरसकट सिद्ध झाला नाही, तरी बाजार वाढतच राहिला.

या इतिहासात मला खटकते ते वेगळेच. आज पश्चिम किनाऱ्यावरची बरीच तारली मासळीचे पीठ आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांत जाते, आणि त्यातून कोळंबी व इतर मासे पोसले जातात. तिरफळ घालून केलेल्या ताज्या तारलीच्या आमटीत हेच मेद कोणत्याही यंत्राविना पोटात जात होते. तेलाला प्रतिष्ठा मिळाली. ज्यांच्या ताटात ते आधीपासून होते, त्यांच्यासाठी मात्र मासा महाग होत चालला.