महाड : नेतृत्वाची कसोटी

नेतृत्वाचे गुण सांगताना आपण वक्तृत्व, विद्वत्ता, धडाडी एवढेच मोजतो. मला मात्र १९२७ सालच्या महाडच्या दोन प्रसंगांचे मोल अधिक वाटते.

२० मार्चला बाबासाहेब हजारो अस्पृश्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच दिवशी सवर्णांच्या जमावाने आपल्या माणसांवर लाठ्या चालवल्या. आपली माणसे चवताळली होती; बाबासाहेबांनी त्यांना आवरले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. लोक पुन्हा पाणी घ्यायला, प्रसंगी तुरुंगात जायला सिद्ध होते. पण कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला. बाबासाहेबांनी लोकांना समजावून सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला न शिवता परतली.

ही माघार होती काय? मला तसे वाटत नाही. कारण दावा त्यांनी सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. मधली दहा वर्षे कागदपत्रांची, साक्षीपुराव्यांची, तारखांची होती. तिथे टाळ्या नव्हत्या.

आज मोर्चा काढणारे पुष्कळ आहेत. मोर्चा पांगल्यावर त्या माणसांची फाइल कोण सांभाळतो, हे कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावे.