किरायेदार, भाडेकरू आणि अनुज्ञप्तिधारक : बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवरून दिसणारा घरभाड्याचा इतिहास

राहते घर भाड्याने घेणे हा व्यवहार इतका नित्याचा झाला आहे की त्यालाही इतिहास आहे ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. राजवटी बदलतात, प्रांतांच्या सीमा हलतात, कायदे रद्द होतात. परंतु घर घेणारा आणि घर देणारा हे दोघे मात्र जुन्याच शब्दांनी बोलत राहतात. असे शब्द टिकले म्हणजे त्यांमागील हक्कही टिकले असा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यास बुलढाणा जिल्ह्यासारखे क्षेत्र क्वचितच मिळेल. वऱ्हाडचा हा पश्चिमेकडील जिल्हा एका बाजूस खानदेशास आणि दुसऱ्या बाजूस मराठवाड्यास भिडलेला आहे. घरभाड्याच्या तीन निरनिराळ्या कायदेपद्धती चाळीस वर्षे याच परिसरात एकमेकींना लागून नांदत होत्या.

प्रथम शब्दांचा विचार करू. पुण्याकडे ज्यास 'भाडे' म्हणतात त्यास वऱ्हाडात 'किराया' म्हणण्याची रीत आहे. घर 'किरायाने' घेतले जाते आणि राहणारा 'किरायेदार' होतो. 'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' या शब्दापासून प्राकृतातून उतरला आहे. 'किराया' हा मुळात अरबी, पण फारसीच्या वाटेने आलेला आहे. वऱ्हाडावर दीर्घकाळ राहिलेला मुसलमानी अंमल आणि हिंदीभाषक प्रदेशाचा शेजार ही दोन्ही कारणे त्याच्या प्रचारामागे दिसतात. या दोहोंहून निराळा, केवळ राहण्याचा बोध करून देणारा शब्द म्हणजे 'बिऱ्हाड'. जुन्या मराठीत त्याचे रूप 'बिढार' असे आढळते आणि वर्णविपर्ययाने त्याचे आजचे रूप सिद्ध झाले. बिऱ्हाड म्हणजे मुक्काम. त्यात मालकीचा प्रश्न येत नाही, तसा पैशाचाही येत नाही. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' या म्हणीत जो भाव आहे तो मालमत्तेचा नसून अस्थिरतेचा आहे. तात्पर्य, पैशासाठी दोन शब्द आणि राहण्यासाठी एक, असा हा जुना संसार होता. त्यात हक्काचा वाचक असा शब्द नव्हता. तो पुढे कायद्याने आणला.

किरायाच्या घराची गरज या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली ती इंग्रजी अमलात. इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यास काही काळ मेहकरचे नाव होते, आणि १८६७ मध्ये बुलढाणा हे मुख्य ठाणे ठरून जिल्ह्यासही तेच नाव मिळाले. अजिंठ्याच्या रांगेवरील हे गाव हवेसाठी निवडले गेले असले, तरी रेल्वे त्याच्यापर्यंत कधीच पोहोचली नाही. उलट घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे लोहमार्गावर आली. कापसाच्या व्यापाराने नावारूपास आलेल्या खामगावास १८७० मध्ये जलंबपासून रेल्वेचा फाटा मिळाला, आणि १९०५ च्या फेररचनेत खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यातून निघून बुलढाण्यास जोडले गेले. अशा रीतीने घाटावर कचेऱ्या व न्यायालये आणि घाटाखाली बाजार, अशी दोन प्रकारची नगरे एका जिल्ह्यात आली. कारकून, शिक्षक, नवा वकील, अडतीवरचा मुनीम हे सारे परगावचे तरुण. ज्या गावात त्यांची नोकरी असे तेथे त्यांचे घर नसे. शहराच्या ज्या पेठेत अशा नोकरदार तरुणांची वस्ती होते त्या पेठेचा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता नव्हता. प्रमाण लहान असले तरी जिल्ह्याच्या ठाण्यालाही तो होता.

घरभाड्यावर सरकारी नियंत्रण ही कल्पना मात्र बाहेरून आली, आणि ती युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात ग्लासगो येथील भाडेकरूंनी वाढीव भाडे देण्याचे नाकारल्यावर १९१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भाडेवाढ रोखणारा कायदा केला. मुंबई इलाख्यात तसाच कायदा १९१८ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईनंतर मुंबई राज्यात १९४७ चा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा आला. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४६ च्या कायद्याच्या आधारे 'घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश, १९४९' निघाला. बुलढाणा जिल्हा या दुसऱ्या व्यवस्थेत मोडत होता.

या आदेशाची दोन कलमे विशेष लक्षणीय आहेत. तेराव्या कलमान्वये भाडेनियंत्रकाची लेखी पूर्वपरवानगी मिळाल्यावाचून मालकास भाडेकरूला घर सोडण्याची साधी नोटीसही देता येत नसे. थकलेले भाडे, पोटभाडेकरू ठेवणे, मालकास स्वतःसाठी घराची खरी गरज असणे, अशी ठराविक कारणे दाखवावी लागत. परवानगी मिळाल्यावर नोटीस, आणि नोटिशीनंतर दिवाणी दावा, असा हा दोन टप्प्यांचा मार्ग होता. बाविसावे कलम याहून पुढे जाणारे होते. जेथे ते लागू केले होते तेथे घर रिकामे होताच मालकाने जिल्हाधिकाऱ्यास कळवावयाचे, आणि त्यापुढील कलमान्वये जिल्हाधिकाऱ्याने ते सरकारी नोकरास, निर्वासितास किंवा अन्य घरातून निघावे लागलेल्यास नेमून द्यावयाचे. बदलीवर आलेल्या नोकरास घर मिळणे ही मालकाच्या मर्जीची बाब न राहता शासनाच्या कर्तव्याची बाब बनली. 'किरायेदार' या शब्दास हक्काचा अर्थ चिकटला तो येथे.

पुढील घटना राज्याच्या सीमांशी निगडित आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. परंतु भाड्याचे कायदे जेथील तेथेच राहिले. मलकापूरचा रेल्वे नोकर बदलून त्याच मार्गावरील भुसावळास गेला की तो मुंबईच्या कायद्याखाली येई. तेथे भाडेनियंत्रकाच्या पूर्वपरवानगीची अट नव्हती; मालक थेट दिवाणी न्यायालयात दावा लावी आणि कारणांची छाननी तेथेच होई. देऊळगाव राजाचा शिक्षक जवळच्या जालन्यास गेला की त्यास १९५४ चा हैदराबादचा कायदा लागे. तेथे घर खाली करण्याचा हुकूम भाडेनियंत्रक स्वतःच देत असे. भाषा एक, राज्य एक, पगार एका तिजोरीतून. पण घरात राहण्याच्या हक्काचे स्वरूप मात्र तीन प्रकारचे. मुंबईच्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरू मानण्यात आले. तो लाभ त्या कायद्याच्या क्षेत्रापुरताच होता, वऱ्हाडात तो पोहोचला नाही.

या संरक्षणाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. भाडे दीर्घकाळ गोठलेले राहिल्याने दुरुस्तीचा खर्च मालकास परवडेना, नवे घर भाड्याने देण्याची भीती वाटू लागली, आणि मुंबईत 'पागडी' या नावाने चोरटी रक्कम घेण्याची प्रथा रूढ झाली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्यातील प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्णय दिला. त्यानंतर 'महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९' झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तिन्ही जुन्या व्यवस्था त्याने एकदमच रद्द केल्या. भाड्यात दरसाल चार टक्के वाढीस मुभा मिळाली. ज्या कंपनीचे भरणा झालेले भांडवल एक कोटी रुपये वा अधिक आहे, तिने घेतलेले घर मात्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले.

एकीकरणाने बुलढाण्याच्या किरायेदारास तेराव्या कलमाचे कवच गमवावे लागले. परंतु अधिक मोठा बदल 'अनुज्ञप्ती' या संज्ञेने घडविला. व्यवहारात तिला 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. भाडेपट्ट्याने घरात काही हितसंबंध उत्पन्न होतो, अनुज्ञप्तीने तो होत नाही. ती केवळ राहू देण्याची परवानगी आहे. पूर्वी हा भेद नावावरून ठरत नसे. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप काय, घराचा अनन्य ताबा कोणाकडे, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले होते. नव्या अधिनियमाच्या चोविसाव्या कलमाने मात्र लेखी अनुज्ञप्ती-करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टीचा निर्णायक पुरावा ठरविला. मुदत संपताच घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थोडक्यात निकाल लागतो, आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. पूर्वी वस्तूवरून नाव ठरत होते, आता नावावरून वस्तू ठरते. भाषेच्या अभ्यासकास यासारखे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

शेगाव येथे १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेथून आणि जिल्ह्यातील अन्य संस्थांतून शिकून पुण्यास जाणारा तरुण हिंजवडी, वाकड किंवा खराडी अशा नोकरदारांच्या वस्तीत जागा शोधतो. तो घरी 'किरायाची खोली मिळाली' असे कळवितो. तेथील शेजारी त्यास 'भाडेकरू' म्हणतात. परंतु ज्या कागदावर त्याची सही असते त्यात तो यांपैकी कोणीच नसून अनुज्ञप्तिधारक असतो. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने आवश्यक असल्याने ती टाळण्यासाठी ही प्रथा पडली. महाराष्ट्रात आता तिला ते प्रयोजन उरलेले नाही; कारण पंचावन्नाव्या कलमाने भाडेपट्टा असो वा अनुज्ञप्ती, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मालकाने ती पाळली नाही तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद राहणाऱ्याच्या हाती उरलेले एक महत्त्वाचे साधन होय, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. प्रयोजन गेले तरी प्रथा उरली. अकरा महिन्यांनी बिऱ्हाड उचलण्याची शक्यता तरुणाच्या वाट्यास नियमाने आली.

या इतिहासावरून जुनी व्यवस्था सर्वथा चांगली होती असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. जिल्हाधिकाऱ्याने घर नेमून देणे हे टंचाईच्या काळाचे साधन होते आणि त्याचा भार मालकाने सोसला. परंतु त्या व्यवस्थेत परगावी आलेल्या नोकरदाराचा निवारा ही सार्वजनिक जबाबदारी मानली गेली होती, आजच्या व्यवस्थेत ती दोन व्यक्तींमधील ठराविक मुदतीची परवानगी मानली जाते. हे स्थित्यंतर लोकांच्या ध्यानी आले नाही, कारण बोलण्यातील शब्द बदलले नाहीत. 'किरायेदार' या नावाखाली १९४९ चा हक्क आहे असे मानून जो तरुण २००० नंतरच्या कागदावर सही करतो, त्याची फसवणूक कोणी मालक करीत नाही. ती त्याची स्वतःची बोलीच करीत असते. म्हणून सही करण्यापूर्वी भाड्याचा आकडा जितक्या काळजीने पाहिला जातो, तितक्याच काळजीने करारातील संज्ञाही पाहिली पाहिजे. तो भाडेपट्टा आहे की अनुज्ञप्ती, या एका शब्दावर पुढील वर्षी त्याच दारातून आत जाता येईल की नाही हे अवलंबून आहे.