एका भाताची वंशावळ

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादनातून तयार झालेले भाताचे दोन वाण दिल्लीत जाहीर केले. त्यांतला एक ‘कमला’, हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेचा. निसर्गाच्या कामात ही ढवळाढवळ कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्यासाठी कमलाची वंशावळ पाहायला हवी.

कमला तयार झाला तो ‘सांबा मसुरी’पासून. आंध्रातील बापटला येथील हा बारीक दाण्याचा, चवीचा वाण १९८६ साली प्रसारित झाला. त्याचे पूर्वज तीन. पहिला कोइमतूरचा ‘जीईबी २४’. ‘कोनामणी’ या जुन्या भातात आपोआप झालेल्या बदलातून तो १९२१ च्या सुमारास हाती आला. दुसरा तैवानचा ठेंगणा ‘तैचुंग नेटिव्ह-१’. तिसरा ‘मसुरी’. भारतीय आणि जपानी वळणाच्या भातांचा संकर करण्याची मोहीम १९५० नंतर कटकला सुरू झाली. तिच्यातून निघालेला मसुरी १९६५ साली मलेशियात प्रसारित झाला. आपल्याकडे तो आला तेव्हा उंच वाढून लोळतो म्हणून चाचण्यांत मागे पडला. शेतकऱ्यांनीच त्याचे बी हातोहात पसरवले.

संकरात आईबापांची हजारो जनुके मिसळतात आणि हवा तो गुण निवडून स्थिर करायला अनेक पिढ्या लागतात. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ साली दाखवलेल्या ‘क्रिस्पर’ कात्रीने नेमक्या जागी छेद देता येतो. कमलामध्ये दाण्यांच्या संख्येला आवर घालणारे एक जनुक असे निकामी केले आहे. परके जनुक त्यात ठेवलेले नाही. अशा पिकांना मार्च २०२२ मध्येच जनुक-परिवर्तित पिकांच्या कडक नियमांतून सूट मिळाली होती. उत्पादन १९ टक्क्यांनी वाढते आणि पीक पंधरा-वीस दिवस लवकर येते, असे संस्था सांगते. या आकड्यांवर आक्षेपही घेतले गेले आहेत. म्हणून चाचण्यांची सगळी माहिती लोकांपुढे यायला हवी.

ढवळाढवळ म्हणावी तर ती निसर्गाने केली, शास्त्रज्ञांनी केली, शेतकऱ्यांनीही केली. आता काळजी आहे ती मालकीची. सांबा मसुरी सरकारी खर्चातून घडला; कात्रीची मूळ पेटंटे मात्र परदेशी संस्थांकडे आहेत. बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे. तो हक्क या नव्या वाणांतही शाबूत राहिला, तरच कमलाला मसुरीसारखे हातोहात पसरता येईल.