नाटकाचे तिकीट आणि पुणेकर प्रेक्षक : एक ऐतिहासिक आकलन

मराठी नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढण्याचा निर्णय कशाच्या आधारे घेत आला, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यत्वे पुणे शहराच्या संदर्भात केला आहे. रंगभूमीच्या इतिहासलेखनात नाटककार, नट व नाट्यसंस्था यांना विपुल स्थान मिळाले. तिकीटखिडकीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाची दखल मात्र क्वचितच घेतली गेली.

नाटकाचे तिकीट म्हणजे न पाहिलेल्या वस्तूची खरेदी होय. कापड हाताळून घेता येते, प्रयोग हाताळता येत नाही. म्हणूनच दरापेक्षा खात्री महत्त्वाची ठरते, आणि ही खात्री देणारा घटक काळानुसार बदलत गेला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले ते संस्थानिकांच्या आश्रयाने. तेथे तिकिटाचा प्रश्नच नव्हता. राजाश्रय सरल्यावर, १८५३ मध्ये, मुंबईत तिकीट लावून प्रयोग करण्याची वेळ आली. त्या काळी परिचित पौराणिक कथा हीच प्रेक्षकाची हमी होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. कथा जुनी, पदे मात्र नवी. या मिश्रणाने मंडळीच्या नावालाच पत प्राप्त झाली. पुढे ही पत मंडळीकडून नटाकडे सरकली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला. नाटक सर्वांच्या परिचयाचे होते. तरीही लोकांनी एवढी रक्कम मोजली ती त्या दोन गळ्यांसाठी आणि काही अंशी लोकमान्यांच्या नावासाठी.

१९३१ नंतर बोलपट आला आणि १९३३ मध्ये प्रभात कंपनी पुण्यात स्थलांतरित झाली. स्वस्त आणि दररोज उपलब्ध असणाऱ्या या करमणुकीपुढे नाटक मंडळ्या खचल्या. ज्यांच्या नावावर तिकिटे खपत, ते बालगंधर्वच १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त दिसले. यापरते बोलके उदाहरण मिळणे कठीण.

२६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. पेठांतून आणि डेक्कनकडून सहज पोहोचता येणारी जागा, शनिवार-रविवारचे प्रयोग, वर्तमानपत्रातील जाहिरात यांमुळे नाट्यगृहालाच एक भरवसा लाभला. खिडकीवरील कागदी प्लॅनवर किती खुर्च्यांवर काट मारली आहे, हे पाहून निर्णय घेणारे प्रेक्षकही होतेच. दुसऱ्याच्या खरेदीवरून वस्तूची पारख करणे हा व्यवहारातला जुनाच शिरस्ता.

वादही प्रेक्षक आणतो, परंतु भरवशाने नव्हे. १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' सादर केले. नाना फडणविसांच्या चित्रणावरून विरोध झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. थिएटर अकादमीने १९७४ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. पुढील दीर्घ वाटचाल केवळ कुतूहलाच्या बळावर झाली असे म्हणता येणार नाही. नृत्य, संगीत आणि माणसांची भिंत पाहून आलेल्यांनी इतरांना पाठवले.

अलीकडे मोबाइलवरून खुर्ची निवडता येते आणि परिचित चेहरा बहुधा दूरचित्रवाणीने दिलेला असतो. जानेवारी २०१८ मध्ये नाटकाच्या तिकिटावरील वस्तू व सेवा करातील सूट पाचशे रुपयांपर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे दर ठरवताना निर्मात्याला हा आकडाही लक्षात घ्यावा लागतो. प्रायोगिक रंगभूमीची अडचण मात्र दराची नाही. तेथील तिकीट बहुधा स्वस्तच असते. परंतु ओळखीचा चेहरा नाही, मोठी जाहिरात नाही, उरते ती केवळ पाहून आलेल्यांची शिफारस. ती चार घरी पोहोचायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर बहुतेक प्रायोगिक नाटकांचे प्रयोग संपलेले असतात.